रिमार्कच्या कॉलममधले बाबा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. अख्खं पुणं वीकेंड एन्जॉय करतंय आणि माझी रूममेट लॅपटॉपसमोर मांडी घालून बसलीय. बाजूला गार झालेला चहा.

‘पिक्चर बघतेयस?’

‘नाही गं, डेटा चढवतेय.’

म्हणजे एका कंपनीच्या लाखो ग्राहकांची माहिती जुन्या सिस्टिममधून नव्या सीआरएममध्ये न्यायची. तीही नवी सिस्टिम चालू असताना! तिकडे कॉल सेंटरवाले तक्रारी नोंदवतायत, सेल्सवाले नंबर शोधतायत. थोडक्यात, पंगत बसलेली असताना स्वयंपाकघर हलवायचं.

मी पडले मास कॉमवाली. एक्सेलमध्ये बेरीज जमली तरी मला पार्टी करावीशी वाटते. मग तिनेच समजावलं. आधी सँडबॉक्समध्ये रंगीत तालीम. मग खरा डेटा, तोही तुकड्यातुकड्यांनी. सेल्सफोर्सच्या बल्क एपीआयमध्ये एका बॅचला जास्तीत जास्त १० हजार रेकॉर्ड्स. प्रत्येक रेकॉर्डला जुना ग्राहक क्रमांक चिकटवायचा, म्हणजे फाइल चुकून दोनदा चढली तरी एका माणसाचे दोन होत नाहीत. आणि नवा ग्राहक आला की आपोआप जाणारे मेसेज तेवढ्यापुरते बंद ठेवायचे.

‘आणि बंद करायला विसरलात तर?’

‘तर दहा वर्षं जुन्या ग्राहकाला वेलकमचा एसएमएस!’ ती हसली.

मी नाही हसले. बाबा गेले त्याला आठ महिने झाले असताना त्यांच्या मोबाइलवर असाच एक मेसेज आला होता. आई तो फोन अजूनही चार्ज करून ठेवते. ‘अभिनंदन! आमच्या परिवारात आपलं स्वागत.’ खाली बाबांचं पूर्ण नाव. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग हळूच विचारलं, ‘तू त्यांना कळवलं नव्हतंस का गं?’

कळवलं होतं. रांगेत उभं राहून, डेथ सर्टिफिकेटची झेरॉक्स देऊन. मी फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, ‘मॅडम, आमची सिस्टिम नवीन आहे.’ तिच्यावर मी जाम भडकले होते.

हे सगळं ऐकून रूममेट गप्प झाली. म्हणाली, ‘जुन्या सिस्टिममध्ये त्यासाठी वेगळा कॉलमच नसेल. कुणीतरी रिमार्कमध्ये टाइप केलं असणार. आणि रिमार्क सहसा कुणी नेत नाही. कचरा असतो त्यात.’ जरा थांबून म्हणाली, ‘आम्हीही सोडलेत.’

आकडे जुळले म्हणजे काम झालं असं नसतं. एप्रिल २०१८मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने ५० लाखांवर ग्राहक नव्या सिस्टिमवर नेले. डेटा सुखरूप पोचला, पण सिस्टिम कोलमडली आणि असंख्य लोकांना स्वतःचंच खातं उघडेना. २०२२मध्ये बँकेला ४ कोटी ८६ लाख पाउंडांहून जास्त दंड झाला.

रूममेटने पुढच्या बॅचेस थांबवल्या. टीम लीडला फोन केला, शिव्या खाल्ल्या. मग जुनी फाइल उघडून रिमार्कमध्ये शोधायला लागली. ‘मृत’, ‘एक्स्पायर्ड’, ‘कै.’, ‘पती वारले, फोन करू नये’. एकेक नाव वेगळ्या यादीत जात होतं. मी चहा पुन्हा गरम करून आणला.

पहाटे चारला बॅचेस परत सुरू झाल्या.

तुमच्याकडेही कधीतरी अशी फाइल येईल. बॉस, रिमार्कचा कॉलम डिलीट करण्याआधी एकदा वाचा. त्यात कुणाचे तरी बाबा असतात.