कॅलिको : मोहावी वाळवंटांतील रुप्याचें गांव

उभा जन्म मुलांकडून शब्द आणि धातु पाठ करून घेण्यांत गेला. दगडांशीं माझा संबंध काय तो वाटेंत लागणाऱ्या ठेंचेपुरता. परंतु गेल्या माघांत लॉस अँजेलिस येथें चिरंजिवांकडे राहावयास गेलों असतां अकरा वर्षांच्या नातवानें मला आपल्या शाळेंत घातलें. त्या मुलास दगड जमविण्याचा विलक्षण नाद. खिडकींत, उशाशीं, बुटांच्या खोक्यांत, जिकडे पाहावें तिकडे दगड! "आजोबा, शनिवारीं आपण कॅलिकोला जाऊं, तिथें लाकडाचा झालेला दगड सांपडतो," असें त्यानें फर्माविलें, आणि सूनबाईंनीं दशम्या व शेंगदाण्यांची चटणी बांधून दिली.

पहांटे निघालों. ठिकाण शहरापासून सुमारें सव्वाशें मैलांवर, मोहावी वाळवंटांत आहे. कहोन नांवाची खिंड चढून मोटार वर आली, आणि कोंकणांतून घाट चढून एकदम देशावर यावें तसें झालें. मागें हिरवळ राहिली. पुढें भुरकट माळ, खुरटीं झुडुपें, आणि हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसांसारखीं जोशुआ नांवाचीं कांटेरी झाडें. वाट लांबची, म्हणून नातवानें गोष्ट मागितली. कॅलिको हें रुप्याच्या खाणींचें गांव असें ऐकल्यापासून माझ्या मनांत एकच गोष्ट घोळत होती, ती मीं सांगितली.

आमच्या घरीं ती तीन पिढ्या सांगत आले आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळांत पणजीबाईंनीं पूजेचीं रुप्याचीं उपकरणीं व आपल्या तोरड्या, मिळून शंभर तोळे रुपें, गांवच्या सावकाराकडे विकावयास नेलें. रुपया वजनानें एक तोळ्याचा. तेव्हां शंभराच्या जवळपास रुपये यावयाचे, हा त्यांचा हिशेब. सावकारानें हातावर साठ ठेवले. "अडल्याची मान कापली" हें वाक्य तेव्हांपासून आमच्या घरांत ठाण मांडून बसलें. त्या घराशीं हळदीकुंकवाचें जाणें-येणें तुटलें. माझ्या वडिलांनीं त्या घरचा मुलगा शिकवणीस घेतला नाहीं. आणि मीं स्वतः, सांगावयास लाज वाटते, त्यांच्या घरची लग्नाची अक्षत घेतली नाहीं.

"म्हणजे तो सावकार चोर होता?" नातवानें विचारलें.

"होताच," मीं म्हटलें.

बारस्टो हें रेल्वेचें गांव मागें पडलें, आणि डावीकडे ते डोंगर दिसूं लागले. तांबडे, पिवळे, हिरवट, जांभळे असे पट्टे त्यांवर पसरलेले! खाणवाल्यांस ते छापील चिटासारखे वाटले, म्हणून त्यांस कॅलिको हें नांव पडलें. आतां या कापडास तें नांव मिळालें तें आपल्या मलबारच्या कालिकत बंदरावरून. मनुष्य घरापासून सातासमुद्रांपलीकडे जातो, आणि तेथें त्यास घरचाच शब्द भेटतो.

गांवाच्या पलीकडे म्यूल कॅन्यन, म्हणजे खेचरांची घळ, आहे. सरकारी मोकळ्या जमिनीवर घरच्या हौसेपुरते दगड वेंचण्यास तेथें मुभा आहे. अश्मीभूत लाकडास मात्र मर्यादा आहे: माणशीं दिवसाला २५ पौंड व वर एक तुकडा, आणि वर्षाला २५० पौंड. कोणाच्या नोंदलेल्या खाणीच्या हद्दींत हात लावावयाचा नाहीं, आणि जतन केलेल्या गांवांतला तर खडाही उचलावयाचा नाहीं. हे सर्व नियम नातवानें मला मोटारींतून उतरण्यापूर्वींच म्हणून दाखविले. मग सुरू झाला पाठ. कोरड्या ओढ्याच्या पात्रांत पाहावें, कारण पावसाच्या लोंढ्यानें नवे दगड तेथें येऊन पडतात. दगडावर पाणी शिंपडावें, म्हणजे खरा रंग उमटतो. उन्हासमोर धरावा, कडेनें उजेड पाझरला तर अकीक, न पाझरला तर बहुधा जॅस्पर. जुन्या खाणींच्या तोंडाशीं मात्र पाऊल टाकावयाचें नाहीं. आंतलीं लांकडें कुजलेलीं असतात आणि खालीं किती खोल आहे तें दिसत नाहीं.

दोन तास वांकून माझी कंबर धरली. परंतु अखेर एक तपकिरी तुकडा हातीं लागला. त्याच्या कापल्यासारख्या बाजूवर बारीक ठिपके दाटलेले होते. नातू ओरडला, "आजोबा, हा ताडाच्या जातीचा!" ते ठिपके म्हणजे त्या झाडाच्या धाग्यांचीं टोकें. लाकूड मातींत गाडलें जातें, पाण्यांत विरघळलेली सिलिका कणाकणानें त्यांत शिरते. झाड जातें, आकृति राहते. आज जेथें पाण्याचा थेंब नाहीं, तेथें एके काळीं ताडासारखीं झाडें होतीं!

दुपारीं गांवांत गेलों. १८८१ सालीं येथें रुपें सांपडलें. तें क्लोरीनशीं मिसळलेलें, मेणासारखें मऊ, सुरीनें कापतां येईल असें होतें. पाहतां पाहतां डोंगराला सुमारें पांचशें खाणी लागल्या, आणि बारा वर्षांत दोन कोटि डॉलरांचें रुपें निघालें असें सांगतात. दुकानें, शाळा, गुत्ते, सर्व झालें. डॉर्सी नांवाचा एक कुत्रा तर पाठीवर पिशव्या बांधून शेजारच्या वस्तीवर टपाल पोंचवीत असे! पुढें सर्व ओसरलें. जवळच्या टांकणखाराच्या खाणींनीं कांहीं वर्षें धुगधुगी ठेविली. १९०७ च्या सुमारास तींही गेली. १९५१ सालीं वॉल्टर नॉट यांनीं हें उजाड गांव विकत घेऊन पुष्कळसें पुन्हां उभारलें व १९६६ सालीं सॅन बर्नार्डिनो परगण्यास देऊन टाकलें. मॅगी नांवाच्या खाणींत आज आपणांस जातां येतें. आंत अरुंद, थंडगार वाट, आणि भिंतींवर पहारींचे व्रण.

बाहेर येऊन बांकावर दशम्या सोडल्या. मीं चिरंजिवांस विचारलें, "डोंगरांतलें रुपें संपलें काय?" ते पेढीवर हिशेबाचें काम करतात. म्हणाले, "रुपें नाहीं संपलें, बाबा. भाव संपला. १८९० सालीं एका औंसाला डॉलरच्या वर मिळत होतें, १८९४ सालीं त्रेसष्ट सेंटांवर आलें. खणण्याचा खर्चही निघेना."

"कां बरें उतरला?"

त्यांनीं खिशांतला फोन काढून शोध घेतला, आणि तो माझ्यासमोर धरला. २६ जून १८९३ रोजीं हिंदुस्थान सरकारनें मुंबई व कलकत्ता येथील टांकसाळी लोकांच्या रुप्यास बंद केल्या. तोंवर कोणीही रुपें नेऊन, थोडें शुल्क भरून, त्याचे रुपये पाडून घेऊं शकत असे. रुप्याचा भाव घसरत होता, आणि सरकारला विलायतेचें देणें सोन्यांत द्यावयाचें होतें. म्हणून रुपयाचें मोल रुप्यापासून तोडून टाकलें. जगांतलें मोठें गिऱ्हाईक गेलें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत अमेरिकन सरकारनेंही रुप्याची ठराविक खरेदी थांबविली. या दोन घावांखालीं असलीं कितीतरी गांवें ओस पडलीं.

मीं दशमी खालीं ठेवली. पाणिनीच्या मतें 'रूप्य' म्हणजे ज्यावर रूप ठोकून उमटविलें आहे तें. हें मीं पस्तीस वर्षें मुलांस शिकविलें. पण ठसा नसेल तर काय होतें, याचा विचार केला नाहीं. "शंभर तोळ्यांचे १८९७ सालीं किती आले असते?" मीं विचारलें. चिरंजिवांनीं कागदी पिशवीवर आंकडे मांडले. सत्तरांच्या आसपास! त्यांतून वितळविण्याची घट आणि विकणाऱ्याची थोडी मिळकत वजा केली, तर साठ.

नातू हिशेब पाहत होता. "मग आजोबा, तो चोर नव्हता," तो म्हणाला. सव्वाशें वर्षें आमच्या घरानें जें धरून ठेविलें होतें, तें पोरानें एका वाक्यांत सोडविलें. "नव्हता," मीं म्हटलें. विद्यार्थ्यासमोर चूक कबूल करण्याचा प्रसंग मजवर पूर्वींही आला होता. इतका जड कधीं वाटला नव्हता.

चैत्रांत गांवीं परतलों, आणि दुसऱ्याच दिवशीं तो ताडाचा दगड घेऊन त्या घराची पायरी चढलों. सावकारांचे पणतू माझ्याच वयाचे. "काय मास्तर, वाट चुकलां?" त्यांनीं विचारलें. मीं बसलों आणि सर्व हकीकत, कॅलिकोपासून अक्षतेपर्यंत, सांगितली. ते दगड बोटांत फिरवीत ऐकत होते. कांहीं बोलले नाहींत, मग आंत तोंड करून म्हणाले, "अहो, मास्तर आलेत. चहा टाका."

रात्रीं नातवाचा फोन आला. "आजोबा, तुम्ही त्यांना सॉरी म्हणालां?"

"म्हणालों."

"आणि दगड?"

"त्यांच्या देवघराच्या कोनाड्यांत ठेवला आहे, बाळ."