नावांचं देणं

माझ्या विज्ञानकथांवर कुणाचं ऋण आहे, असं विचारलं तर मला पहिल्यांदा आठवतात ते येलदरीच्या पॉवरहाऊसमधले ऑपरेटर काका. त्यांनी जन्मभर स्वतःचं नाव कुठे पुढे केलं नाही, म्हणून मीही ते इथे लिहीत नाही.

जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण उभं राहिलं ते 1968 साली. पायथ्याच्या पॉवरहाऊसमध्ये साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत. धरणाचं काम चालू असताना काका पोरसवदा वयात हेल्पर म्हणून आले आणि येलदरी कॅम्पचेच होऊन गेले. ऐंशीच्या दशकात त्यांच्या क्वार्टरमध्ये टीव्ही आला. रविवारी सकाळी कॅम्पावरची आम्ही लेकरं त्यांच्या ओसरीवर गोळा व्हायचो. एकानं अँटेना धरायचा, बाकीच्यांनी आतून ‘आलं, आलं’ म्हणून ओरडायचं. तेव्हा दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ लागायची. इंग्रजी कुणालाच धड कळत नव्हतं. काका मात्र नवं पात्र आलं की हटकून विचारायचे, “हे नाव कुठून आणलं असंल रे? उगंच नाही ठेवत कुणी नाव. शोधून काढ.”

उत्तर त्यांच्यापाशीही नसायचं. पण ‘शोधून काढ’ हे शब्द माझ्या अंगी लागले. पुढे शिकायला परगावी गेलो, ग्रंथालयं पालथी घालू लागलो, आणि काकांच्या ओसरीवरचे प्रश्न एकेक करून सुटत गेले.

‘स्टार ट्रेक’मधला गाजलेला खलनायक खान नूनियन सिंग 1967 सालच्या एका भागात पहिल्यांदा आला. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते. खानच्या नावातलं ‘नूनियन’ हे रॉडनबेरींच्या त्या काळातल्या, पुढे संपर्क तुटलेल्या एका सोबत्याचं नाव. पडद्यावर ते ऐकून तो कुठून तरी साद देईल, अशी त्यांना आशा होती. पुढच्या मालिकेत डेटा या यंत्रमानवाच्या निर्मात्यालाही त्यांनी हेच नाव दिलं. 1987 साली सुरू झालेल्या त्याच मालिकेत जॉर्डी ला फोर्ज हा अंध अधिकारी आहे. जॉर्ज ला फोर्ज हा स्नायूंच्या दुर्धर आजारानं जखडलेला तरुण मूळ मालिकेचा निस्सीम चाहता होता. 1975 साली तो गेला. त्याचं नाव या पात्राला मिळालं, आणि ते पात्र यानाचं मुख्य इंजिनही सांभाळू लागलं. ‘बॅबिलॉन 5’ या मालिकेच्या लेखकानं आपल्या एका पात्राला अल्फ्रेड बेस्टर या विज्ञानकथाकाराचं नाव देऊन पूर्वसुरींचं ऋण मानलं. सुट्टीत मी हे सगळं काकांना सांगायचो. जॉर्डीची हकिकत ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे नाव ठेवणं नाही बाबा, हे देणं फेडणं आहे.”

जयंत नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ हे विज्ञानकथांचं पुस्तक मला काकांनीच वाचायला दिलं. मराठी विज्ञान परिषदेनं 1974 साली घेतलेल्या विज्ञानकथा स्पर्धेला नारळीकरांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, तेव्हा ते जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. त्या प्रसिद्धीचा भार परीक्षकांवर पडू नये म्हणून त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव घेतलं. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी फक्त उलटी केली होती. अक्षरही ओळखू येऊ नये म्हणून कथेची प्रत त्यांच्या पत्नीनं लिहून काढली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. काका हे फार अभिमानानं सांगायचे. एवढ्या मोठ्या माणसानं नाव बाजूला ठेवलं आणि कामाला पुढे केलं, याचं त्यांना अपार मोल होतं.

पुढे मी मुलांसाठी विज्ञानकथा लिहू लागलो. पहिल्या मोठ्या कथेतल्या यानाच्या कॅप्टनला काकांचं नाव द्यायचं माझ्या मनात होतं. विचारायला गेलो, तर त्यांनी साफ नकार दिला. धरणाच्या कामावर त्यांच्या शेजारी डोक्यावरून खडी वाहणाऱ्या एका बाईंचं नाव त्यांनी सांगितलं. नव्या आलेल्या या पोराला त्या आपल्या भाकरीतली अर्धी मोडून देत. काम संपलं, मजुरांची पालं उठली, त्या कुठे गेल्या ते कळलं नाही. “तिचं नाव कुठंच नाही लिहिलेलं,” काका म्हणाले. “तुझ्या यानावर लिही.”

मी लिहिलं. माझ्या कथांमध्ये आजवर जे कॅप्टन, जे शास्त्रज्ञ, जे यंत्रमानव आले, त्यांची नावं अशाच माणसांची आहेत: कालव्यावरचे मजूर, कॅम्पाच्या शाळेतले शिपाई, पॉवरहाऊसमधले हेल्पर. वाचणाऱ्या मुलांना ती फक्त नावं वाटतात, आणि त्यात काही बिघडत नाही. एखाद्या मुलानं ‘हे नाव कुठून आलं?’ म्हणून पत्र पाठवलं, की मी त्या माणसाची सगळी हकिकत लिहून कळवतो. काकांचं ऋण मला फेडता येणार नाही. त्यांनी शिकवलेला प्रश्न पुढच्या हातांत देणं मात्र जमतं, आणि तेवढं मी नेमानं करत आलो आहे.