पाय ओढणे

इंग्रजी भाषेचे माझ्यावर पुष्कळ उपकार आहेत. ती शिकवूनच मी आयुष्यभर पोट भरले. पण एकदा तिच्या एका वाक्प्रचाराने माझ्या आईची झोप उडवली, हेही मी विसरलेलो नाही.

मी नुकताच कोल्हापुरात शिक्षक म्हणून आलो होतो. रंकाळ्याच्या काठच्या नंदीची आख्यायिका तेथे सर्वांना ठाऊक असते. हा नंदी म्हणे रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो. तो तळ्याशी पोचला की प्रलय! आमच्या शिक्षक-मंडळींनी मला अत्यंत गंभीर मुद्रेने सांगितले, "हे अंतर मोजून ठेवण्याचा मान दरवर्षी सर्वांत नव्या शिक्षकाचा असतो." त्याच सायंकाळी मी मोजपट्टी घेऊन नंदीपुढे गुडघे टेकले मात्र, पाठीमागे हास्याचा कल्लोळ उठला! सारी मंडळी भेळेचे पुडे घेऊन उभी होती. त्यांतला एक पुडा माझ्यासाठी होता.

रात्री मी घरी पत्र लिहिले. 'लेग पुलिंग' या शब्दांचे मोठ्या हौसेने मराठी करून लिहिले, 'येथील मंडळी माझे पाय फार ओढतात.'

चौथ्या दिवशी पहाटे दादा दारात उभे! तरुणपणी तालीम केलेला त्यांचा देह दारात मावत नव्हता.

"कोण रं तुझं पाय ओढतोय? नाव सांग नुसतं."

मी ओशाळून सारा प्रकार सांगितला. दादा हसले नाहीत. "मग सरळ 'चेष्टा करत्यात' म्हणून लिवायचं की! आईनं दोन रात्री डोळ्याला डोळा लावला न्हाई."

माझी चूक माझ्या ध्यानात आली. इंग्रज पाय ओढतो तो गमतीने. आपण ओढतो तो वर चढणाऱ्याला खाली आणण्यासाठी. अवयव तोच, पण हेतू निराळा. वास्तविक मला शब्द का कमी होते? फिरकी घेतात, कोपरखळ्या मारतात, असे कितीतरी लिहिता आले असते. आपली भाषा तर एकाच टोपीने केवढा भेद दाखवते! टोपी उडवली तर ती थट्टा. टोपी घातली तर ती फसवणूक. ज्याची टोपी उडते त्याला आपले डोके उघडे पडल्याचे तत्काळ समजते. ज्याला टोपी घातली जाते तो बिचारा घरी पोचेपर्यंत अज्ञानात असतो. थट्टेची मर्यादा ती हीच: ज्याची थट्टा करावयाची त्याला शेवटी हसण्यात सामील करून घेतले पाहिजे. माझ्या मित्रांनी भेळेचा एक पुडा जास्त आणला होता. मी मात्र आईला काहीच उलगडून सांगितले नव्हते.

सायंकाळी दादांनी मला खासबागेत नेले. शाहू महाराजांच्या काळी, 1912 साली पुरे झालेले हे मैदान. कोठेही बसा, मधला हौदा स्वच्छ दिसतो. एका पोरसवदा मल्लाने झपकन वाकून जोडीदाराचा पट काढला आणि क्षणार्धात त्याला अस्मान दाखवले. लगेच हात देऊन त्याला उठवलेही.

"ह्यो बी पायच ओढतोय," दादा म्हणाले, "पर समोरनं. आन् पडल्याला उचलतोय."

दादा परत निघाले तेव्हा मी आईसाठी त्यांच्याजवळ चिठ्ठी दिली. तीत नंदीची गोष्ट साद्या मराठीत लिहिली होती. आई खूप हसली, असे पुढे दादांनी कळवले. आता दोघेही नाहीत. पण वर्गात तो वाक्प्रचार आला की खडू क्षणभर हातातच राहत असे, आणि मग मी मुलांना प्रथम त्याचा मराठी अर्थ सांगत असे.