विडी नाही, पण चूल?

दम लागतो म्हणून आलेल्या प्रत्येक रुग्णाला मी अनेक वर्षे एकच प्रश्न विचारायचो : विडी-सिगारेट ओढता का? बायका हसून "नाही" म्हणायच्या आणि मी पुढे जायचो. माझ्या आईचा खोकला तर मी वयोमानावर ढकलला होता.

आईने चाळीस वर्षे फुंकणीने चूल पेटवली. पावसाळ्यात ओली लाकडे, गोवऱ्या आणि खिडकी नसलेले स्वयंपाकघर. जिना चढताना ती मध्येच थांबू लागली, तेव्हा कुठे मी तिची स्पायरोमेट्री केली. निदान झाले सीओपीडी. गेलेली फुप्फुसाची क्षमता परत येत नाही.

असे का होते? धुरातले २.५ मायक्रॉनपेक्षा लहान कण अगदी बारीक श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. तिथे कायमची सूज राहते, कफ वाढतो, नलिका अरुंद होतात. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल दिसू शकतो, म्हणून ही फुंकण्याची तपासणी महत्त्वाची.

२०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गावोगावी गॅस पोहोचला. तरी आंघोळीचे पाणी अनेक घरांत आजही चुलीवरच तापते.

तुमच्या आई-आजीला जुना खोकला किंवा धाप असेल, तर डॉक्टरांनी विचारले नाही तरी चुलीबद्दल आपणहून सांगा. इनहेलरचे व्यसन लागत नाही, त्याने श्वास सुसह्य होतो. आणि धूर थांबला, तर पुढचे नुकसान कमी होते.

मी आता प्रत्येकीला चुलीबद्दल विचारतो. आईला विचारायला मात्र उशीर झाला.