निर्दोष खड्याचा हट्ट

खडा नितळ हवा. आत डाग नको, चीर नको, जाळं नको. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. सदोष नीलम घरदार बुडवतो, असं घरात दबक्या आवाजात बोललं जायचं, त्यातून ते मुरलं. जोडीला दुसरा समज: परदेशात पर्यटकांना खडे विकणारा गंडवणारच.

श्रीलंकेत रत्नपुऱ्याच्या एका छोट्या दुकानात मी हे दोन्ही समज घेऊनच बसलो. चिमट्याने खडा उचलायचा, ‘आत काहीतरी आहे’ म्हणून बाजूला सारायचा. थाट जवाहिऱ्याचा, आणि भिंग धरायचं कसं हेही ठाऊक नाही! म्हाताऱ्या दुकानदाराने शेवटी माझा हात धरला. भिंग डोळ्यापाशी, खडा भिंगापाशी. मी उलटं करत होतो.

आणि मग ते दिसलं. निळाईत केसाहून बारीक सुया, तीन दिशांनी एकमेकींना छेदत गेलेल्या. खडा जरा कलला की एका दिशेच्या विझायच्या, दुसऱ्या लकाकायच्या. मी ज्याला डाग म्हणत होतो ते हे! या रुटाइल नावाच्या खनिजाच्या सुया; धंद्यात त्यांना सिल्क म्हणतात. रंग खुलवायला खडा भट्टीत फार तापवला की त्या विरघळतात. त्या शाबूत असतील तर खडा बहुधा जमिनीतला, आणि न तापवलेला. त्या दाट असल्या आणि खडा घुमटासारखा घासला की वर सहा किरणांचा तारा उमटतो. न्यूयॉर्कच्या संग्रहालयातला ५६३ कॅरटचा ‘स्टार ऑफ इंडिया’ असाच. नावात इंडिया, पण मूळचा श्रीलंकेचाच.

मी भिंग सोडेना. तेव्हा त्याने माझ्या अंगठीकडे खूण केली. साडेसातीत सासऱ्यांनी घालायला लावलेला नीलम. आरशासारखा स्वच्छ, मी चारचौघांत मिरवायचो. त्याने पांढऱ्या कागदावर काचेची वाटी ठेवली, पाणी ओतलं, अंगठी पालथी बुडवली. निळा रंग गोलसर वळणाच्या पट्ट्यांत दिसू लागला. जमिनीतल्या नीलमात या पट्ट्या सरळ असतात, वळल्या तर कोनात. गोलाई आली की समजायचं, ॲल्युमिनाची भुकटी ज्योतीतून पाडत थरावर थर चढवून केलेला खडा. वेर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही रीत १९०२ साली माणकासाठी जाहीर केली. नीलम थोड्याच वर्षांत मागोमाग आला.

फसवलं होतं ते आमच्याच गावातल्या, ओळखीच्या सराफाने. त्याच्यावर मी कधी भिंग धरलं नव्हतं. परक्यावर संशय आणि आपल्यावर आंधळा विश्वास, याला मी चोखंदळपणा म्हणत होतो. खड्यातलं मला काही कळत नव्हतं, फक्त फसण्याची भीती होती, आणि त्या भीतीनेच मला नितळ नकली खड्यापुढे मान डोलवायला लावलं.

म्हाताऱ्याने भाव काही पाडला नाही, हेही सांगायला हवं. सुया असलेला एक लहान खडा घेतला, पण कोलंबोतल्या सरकारी जेम अँड ज्वेलरी अथॉरिटीकडून तपासून. एक दुकानदार भला निघाला म्हणून सगळा बाजार भला होत नाही.

जुनी अंगठी अजून बोटात आहे. सासऱ्यांनी तिला अस्सलाची किंमत मोजली होती. साडेसाती त्या खड्यानेच टळली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. मी मान डोलावतो.