वाचकाचा वेळ

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. शासकीय महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून काम करताना मला त्यातला चौथा सर्वांत मोलाचा वाटत आला आहे: वाचकाचा वेळ वाचवा. वेळ सगळ्यांपाशी सारखा नसतो. दुपारची एसटी चुकली की जिला संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसावं लागतं, तिला 'शोध, सापडेल' एवढंच सांगणं अन्यायाचं आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं सरकारी संस्थांतल्या विद्यार्थ्यांना खुली झाली. 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध आधीपासून आहेत. ही मोठीच गोष्ट आहे. पण एवढ्या साठ्यातून आपल्या कामाचं वेचायचं कसं, हे कुणीतरी शिकवावं लागतं.

मुलं पहिल्यांदा विचारतात तो बहुधा खरा प्रश्न नसतोच. "मॅडम, बोंडअळीवर काहीतरी द्या ना." मग मी विचारते, कुठली अळी? कुठला हंगाम? तुला नेमकं काय कळत नाहीये? बोलता बोलता २०१७ सालचा विदर्भ निघतो, घरचा कापूस निघतो आणि प्रश्न नेमका होतो: बीटी वाण असूनही गुलाबी बोंडअळी आली कशी? आता अळीचं शास्त्रीय नाव टाकलं की अळीत तयार झालेल्या प्रतिकारशक्तीवरचे शोधनिबंध समोर येतात. मग बियाणे कंपनीचं पत्रक, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस आणि व्हॉट्सॲपवर फिरणारा मजकूर आम्ही शेजारी शेजारी ठेवतो. हे कोणी लिहिलं? कधी? कशाच्या आधारावर? यात कोणाचा फायदा? फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेलं कापसाचं पीक, घेतल्याने अळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो, हे वाचताना शेतकऱ्याच्या लेकीला त्यातलं जे दिसतं, ते मला दिसत नाही. तिथे ती मला शिकवते.

मात्र काउंटरपर्यंत येण्याचं धाडस करणारी मुलं थोडीच. ज्यांच्या घरात कॉलेज पाहिलेलं कुणी नाही, ती पुष्कळदा दारातूनच परततात. म्हणून माहिती शोधणं आणि पारखणं हा पहिल्या सत्राच्या वेळापत्रकातला, श्रेयांक असलेला विषय हवा, आणि तो ग्रंथपालाने वर्गात जाऊन शिकवायला हवा. सरकारने नियतकालिकांचे पैसे सर्वांसाठी भरले आहेत. ती वाचण्याची विद्याही सर्वांनाच मिळाली पाहिजे.