पातळ पाकीट

नरकचतुर्दशी सोडली तर पहाटे साडेचारला आमच्या घरात सगळे दिवे लागत नाहीत. २०२५ च्या मार्चअखेर एकदा लागले. तिकडे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा संध्याकाळचे सात वाजतात, आणि काही बडी विद्यापीठे प्रवेशाचे निकाल जाहीर करतात. आमच्या नातीने त्यांतल्या एकाकडे अर्ज केला होता. पूर्वी म्हणे टपालाने पाकीट येई: जाड असले तर प्रवेश, पातळ असले तर नकार. न फोडताच रडून घेण्याची सोय होती! आता पडद्यावरची पहिली ओळ वाचावीच लागते.

तिने ती वाचली. मग हलकेच विचारले, "आजोबा, माझं काय कमी पडलं?"

आमची मॅट्रिक बरी. बीजगणितात कुणी गटांगळी खाल्ली, तर गुणपत्रिका तसे स्वच्छ सांगे. शिव्या घालायला एक विषय तरी मिळे. या पत्रात दिलगिरी भरपूर, कारण एकही नाही. त्याच पंक्तीतल्या हार्वर्डकडे २०२१ साली ५७,४३५ अर्ज आले आणि प्रवेश मिळाला १,९६८ जणांना, असे मी तिला ऐकवले. आकड्यांनी कुणाचे समाधान होते बुवा?

"ज्यांना घेतलं," ती म्हणाली, "त्यांना तरी कळलं असेल का, का घेतलं ते?"

सूनबाई चहा टाकायला उठली होती. मी म्हटले, "आईला सांग, साखर आज जरा जास्तच घाल."